माणसाळलेला कळप

पिंजरा लावून आठ दिवस झाले होते आणि एकही माकड आत गेलं नव्हतं.

हौसाकाकींच्या भुईमुगाच्या शेताच्या कडेला, जांभळाखाली तो उभा होता. लहानशा खोलीएवढा, लोखंडी जाळीचा. वरून खाली सरकणारं दार, दाराला दोर आणि दोराचं टोक बांधापलीकडच्या झुडपात. आत शेंगदाणे, केळी, गुळाचे खडे. गुळाला मुंग्या लागल्या होत्या. समोरच्या आंब्यावर कळप बसून होता. त्यातला मोठा नर दिवसातून दोन-तीनदा खाली यायचा, पिंजऱ्याला चक्कर मारायचा, जाळीतून हात घालून लागेल तेवढं उचलायचा आणि सावकाश परत जायचा.

"शहाणी हायत," यल्लाप्पा म्हणाला. माकडं पकडायला तो निपाणीकडून आला होता. पन्नाशीचा, बुटका, बोलायला थोडा. "कुणीतरी कवा तरी ह्यांना पकडायला बघितलंय. पिंजरा वळखतात."

सरपंच तात्या मोहिते बांधावर उभे होते. हौसाकाकी त्यांच्या मागे, उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत बांधलेला.

"आठ दिवस झालं," तात्या म्हणाले. "रीतसर परवानगी काढली, माणूस आणला. आता गावातली पोरं म्हणत्यात, कणकेच्या गोळ्या करून टाकूया."

"कसल्या गोळ्या?" मी विचारलं.

"कसल्या म्हंजी? औषध घालून."

मी आंब्याकडे बघितलं. गौरा नावाची मादी पिल्लाच्या डोक्यातून काहीतरी वेचत होती. नावं मीच दिलेली होती.

"पिंजऱ्याला घाबरतात ती," मी म्हटलं. "मला घाबरत नाहीत. मी आत बसते."

ही शहाण्णव सालची गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते आणि पाटण तालुक्यातल्या सडेवाडीत माकडांवर पीएच.डी. करायला पुण्याहून येऊन मला दोन वर्षं होत आली होती. राहायला हौसाकाकींकडे. काकी एकट्या होत्या. नवरा मागेच गेला होता आणि मुलगा सातारला नोकरीला होता. पडवीतली खोली त्यांनी मला दिली आणि पहिल्याच दिवशी विचारलं, "माकडांवर शिकतीस म्हंजी त्यांना शिकवतीस, का त्यांच्याकडनं शिकतीस?"

भाकरी थापता थापता त्या मला काहीबाही विचारायच्या आणि मी सांगायचे. एकदा मी त्यांना चित्रांचं पुस्तक दाखवलं. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान.

"ही माकडं नव्हेत, काकी. ह्यांना शेपूट नसतं. पुस्तकात ह्यांना कपी म्हणतात. आपल्याला जास्त जवळचे हे."

"शेपटीवरनं ठरतं व्हय सगळं?"

"फक्त शेपटीवरून नाही. डोक्यावरून पण." मग मी त्यांना एका लहान चिंपांझीची गोष्ट सांगितली. केळं कुठं लपवलंय ते त्याला ठाऊक असतं. पण मोठा नर जवळ आला की तो केळ्याकडे बघतही नाही. पाठ करून बसतो, जणू काही नाहीच. मोठा निघून गेला की उठून खातो. म्हणजे मोठ्याच्या मनात काय येईल हे त्याला आधी कळतं.

"आमच्या धाकट्या जावंवानी," काकी म्हणाल्या. "आन हे आपलं माकड? त्याला कळतं का मनातलं?"

"तेच तर शोधायचंय मला. माणसाला कळतं, चिंपांझीला थोडंफार कळतं. माकडाला कळतं का, आणि कळलं तर किती."

"न्हाई कळत," काकी भाकरी उलटत म्हणाल्या. "माझ्या मनातलं कळलं असतं तर माझ्या रानात पाय ठेवला नसता त्यांनी."

असल्या अभ्यासाला माकडांनी जवळ येऊ द्यावं लागतं. पहिले तीन महिने मी दिसले की तेवीसच्या तेवीस पळून जायची. मी रोज एकाच रंगाचे कपडे घालून एकाच खडकावर बसायचे. खायला द्यायचं नाही, हात लावायचा नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, असे नियम होते. शंभर पावलांचं अंतर पन्नासावर आलं, मग दहावर. दुसऱ्या पावसाळ्यात ती माझ्याभोवती बसायला लागली. भोवरा हा मोठा नर, त्याच्या कपाळावरच्या केसांना भोवरा होता. फाटक्या कानाची एक म्हातारी होती, ती दुपारी माझ्यापासून हातभर अंतरावर डुलक्या काढायची. पुण्याला माझ्या सरांना मी कौतुकानं लिहिलं होतं की आता मी त्यांच्या लेखी एक झाड आहे.

माझ्या लक्षात यायला उशीर झाला तो हा, की मी त्यांच्या लेखी झाड झाले नव्हते, माणूसच राहिले होते. त्यामुळे ती मलाच नव्हे, कुठल्याच माणसाला घाबरेनाशी झाली. आधी बाया नुसती काठी उगारायच्या तरी कळप पांगायचा. आता कौलं उचकटून माकडं चुलीपर्यंत यायची. शेंगा उपटताना काकींची पाटी भोवऱ्यानं ओढली. काकींनी सोडली नाही. त्यानं मनगटाच्या वर असा चावा घेतला की हाड दिसलं. इंजेक्शनांसाठी मीच त्यांना एसटीनं पाटणला घेऊन जात होते.

"बाई, राग मानू नका," तात्या मला तेव्हा म्हणाले होते. "तुम्ही यायच्या आधी ती माणसाला बघून पळायची."

खरंच होतं ते. काकीच पुढे झाल्या. "तिनं चावलंय व्हय मला? उगा पोरीला बोलू नगा."

म्हणून त्या दिवशी बांधावर मी आत बसते म्हणाले, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. तात्यांचा चेहरा एकदम सैल पडला. "असं झालं तर लई उपकार होतील बाई," ते म्हणाले. "गोळ्याबिळ्यांचं पाप कुणाच्या माथी नको."

यल्लाप्पा तेवढा गुळावरच्या मुंग्या झटकत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी शेतावर गेले तेव्हा त्यानं पिंजऱ्याच्या मागच्या बाजूचं छोटं दार मला दाखवलं. आतून कडी होती. दार पडलं की मी तिथून ताबडतोब बाहेर यायचं. खूण अशी ठरली की पुरेशी माकडं आत आली की मी डोक्याचा रुमाल सोडून मांडीवर ठेवायचा, आणि त्यानं दोर सोडायचा.

"अक्का, एक इचारू?" तो म्हणाला. "तुमी सांगितलं म्हणूनच करतोय ह्ये. आमी पिंजऱ्यात दाणं ठेवतो. माणूस ठेवत न्हाई."

"तुमचं काम सोपं होईल."

"सोपं हुईल," तो म्हणाला. "म्हणूनच बोललो."

मी आत जाऊन मधोमध मांडी घालून बसले. नेहमीचे मातकट कपडे, खांद्याला नेहमीची शबनम. ओंजळभर शेंगा पुढे टाकल्या आणि एक-एक सोलायला लागले.

दहा मिनिटं काही झालं नाही. मग एक वर्षभराचं पोर खाली आलं, दारात थबकलं, माझ्याकडे बघून आत आलं आणि शेंग उचलून माझ्या गुडघ्याशीच बसून खायला लागलं. मागोमाग त्याच्या जोडीची दोघं. मग गौरा, पोटाला पिल्लू. ती सरळ माझ्या मागे जाऊन बसली, पाठ माझ्या पाठीला जवळजवळ टेकवून. बाहेरच्या बाजूला तोंड करून बसायची तिची सवयच होती. मागून काही येणार नाही अशी जागा निवडायची ती नेहमी.

त्यानंतर ती भराभर आली. गालाच्या पिशव्या भरभरून घेत होती. भोवरा सगळ्यात शेवटी. तो दारात बराच वेळ उभा राहिला. वर बघितलं, दाराच्या खाचेकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी खाली मान घालून शेंगा सोलत राहिले. तो आत आला.

मी मोजलं. एकोणीस. म्हातारी आणि आणखी तिघं अजून झाडाखालीच होती. थांबले असते तर तीही आली असती, पण मी थांबले नाही. मी रुमाल सोडला आणि मांडीवर ठेवला.

दार पडल्याचा आवाज मी आजवर नीट सांगू शकलेले नाही. त्याच्यामागून बांधावरून माणसं धावत आली, हातात काठ्या, गोणपाटं. पिंजऱ्यात एकदम किंकाळ्या सुटल्या. जाळीवर धडका बसायला लागल्या. ती सैरभैर होतील आणि कदाचित मला फाडतील, अशी मनाची तयारी मी केली होती. यल्लाप्पानंही तसं बजावलं होतं.

त्यातलं काही झालं नाही. पोरं माझ्याकडे धावली. तिघं माझ्या काखेत, ओढणीत घुसली. गौरा पाठीला घट्ट चिकटली, मधे तिचं पिल्लू, त्याचं काळीज माझ्या पाठीवर धडधडताना मला कळत होतं. आणि भोवरा माझ्या पुढ्यात आला. माझ्याकडे पाठ करून, माणसांकडे तोंड करून तो चार पायांवर उभा राहिला, दात विचकले आणि जाळीपाशी आलेल्या प्रत्येक माणसावर धावून जायला लागला. धावून जायचा आणि परत माझ्या पुढ्यात येऊन उभा राहायचा.

"अक्का, बाहेर या," यल्लाप्पा मागच्या दारापाशी येऊन म्हणत होता. "लवकर."

मला उठता येईना. पोरांनी ओढणी मुठीत धरली होती. त्यांची बोटं सोडवावी लागली, एकेक करून. चांगली लांब बोटं, सपाट नखं, तळहातावर रेघा. एक सोडवलं की दुसरं धरायचं. त्या झटापटीत कुणाचं तरी नख माझ्या मनगटात लांब ओढलं गेलं. शेवटी मी ओढणीच सोडली आणि रांगत बाहेर आले. यल्लाप्पानं कडी घातली, पिंजऱ्यावर गोणपाट टाकलं. आवाज कमी झाला.

तात्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "बाई, तुम्ही गाव वाचवलंत," ते म्हणाले. माझ्या मनगटातून रक्त येत होतं, ते त्यांच्या बाहीला लागलं.

दुपारी लहान पिंजरे घेऊन गाडी आली. एकोणीस माकडं कोयनेच्या बाजूच्या जंगलात सोडायला नेली. मी गाडीपर्यंत गेले नाही.

संध्याकाळी मारुतीच्या देवळात गाव जमलं. "कुमारी चित्रलेखा बेडेकर यांचा सत्कार," असं मास्तरांनी वाचून दाखवलं. तात्यांनी शाल घातली, नारळ दिला. दोन शब्द बोला म्हणाले तेव्हा मी बोलले. प्राणी आणि माणूस यांनी एकमेकांना जागा दिली पाहिजे, असं काहीतरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकींचा एक हात बांधलेला, त्या दुसऱ्या हातानं मांडीवर थापट्या मारत होत्या.

घरी येताना त्यांनी विचारलं, "पोरी, आत बसून काय लिवत हुतीस गं? मी बांधावरनं बगत हुते."

"पत्र," मी म्हटलं. "आईला."

"असल्या टायमाला आईच आठवती," काकी म्हणाल्या, आणि त्यांनी चांगल्या हातानं माझी पाठ चोळली.

मी पत्र लिहीत नव्हते. शबनममध्ये माझी नोंदवही होती. शेंगा सोलता सोलता ती मांडीवर घेऊन मधेमधे लिहीत होते. पहिलं पोर, सात वाजून चौतीस. गौरा, सात एकेचाळीस. भोवरा, सात एकोणसाठ, दारात थांबला दोन मिनिटं दहा सेकंद, निरीक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहिले, प्रवेश केला. निरीक्षक म्हणजे मी. दोन वर्षं मला जे सापडत नव्हतं ते त्या पंचवीस मिनिटांत सापडत होतं. पिंजऱ्याचा धोका ओळखणारं माकड, ओळखीच्या माणसाच्या मनातला धोका ओळखतं का? असा प्रयोग करायची परवानगी मला कुणी कधी दिली नसती.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी कुणाला सांगितलेली नाही. आदल्या दिवशी बांधावर ते बोलणं झालं, त्या संध्याकाळी मी काकींना गोळ्यांबद्दल विचारलं होतं. काकी हसल्या होत्या. "तात्या? दर शनवारी मारुतीला तेल वाहणारा माणूस माकडाला इख घालंल व्हय? आन ह्या गावात त्याला घालू तरी कोण देईल? नुसतं बोलायचं असतंय ते. यल्लाप्पा कटाळून जाईल चार दिसात, मग हायच आपलं डबं वाजवायचं."

"खरंय," मी म्हटलं होतं. आणि मग खोलीत जाऊन पेन्सिलीला टोक केलं होतं.

दुसऱ्या दिवशी यल्लाप्पा रिकामे पिंजरे घेऊन परत आला. ओट्यावर बसला, काकींनी दिलेला चहा प्याला. मी विचारलं, "नीट उतरली का सगळी?"

"उतरली."

"मग?"

तो बशीत बघत होता. "पंचवीस वर्सं झाली हेच करतोय. सोडलं की माकूड सुटतं आन झाड गाठतं. मागं वळून बगत न्हाई." त्यानं बशी खाली ठेवली. "ही गाडीमागं आली. ती पिल्लावाली आन पोरं. लई लांबपतूर आली. डायवर म्हणला, गाडी थांबवू का. मी म्हणलो, थांबवून काय करू."

चहाची कपबशी त्यानं स्वतः विसळली आणि निघाला. जाताना काकींना नमस्कार केला. मला केला नाही.

मी आणखी चार दिवसांनी सडेवाडी सोडली. काकी एसटीपर्यंत आल्या होत्या, पट्टीच्या हातानं डबा धरून. त्यांना मी नंतर दोन पत्रं पाठवली. दुसऱ्याचं उत्तर त्यांच्या मुलानं लिहिलं होतं, आई तुमची फार आठवण काढते. त्याला मी उत्तर दिलं नाही.

प्रबंधाचं चौथं प्रकरण त्या सकाळवर होतं. त्यात एक तक्ता होता. माणूस, चिंपांझी, माकड असे तीन रकाने, आणि तिसऱ्या रकान्यात माझे एकोणीस आकडे. माकड वस्तूवरून धोका ओळखतं, ओळखीच्या व्यक्तीच्या हेतूवरून ओळखत नाही, असा निष्कर्ष होता. ते प्रकरण बाहेरच्या देशातल्या एका मासिकात छापून आलं. त्याच्यावर मला नोकरी लागली.

तोंडी परीक्षेला म्हैसूरहून एक वयस्कर प्राध्यापक आले होते. मृदू बोलणारे, चष्मा कपाळावर चढवून वाचणारे. सगळं झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "त्या दिवशी जी चार माकडं बाहेर राहिली, त्यांनी सगळं पाहिलं होतं. तुम्ही आत बसलेल्या, दार पडलेलं. मला उत्सुकता आहे. त्यानंतर त्यांच्या तुमच्याशी वागण्यात काही फरक पडला का? कारण पडला असेल, तर तुमचा निष्कर्ष बदलेल. आणि नसेल पडला, तर तो जास्त पक्का होईल."

फरक पडला नव्हता. पकडल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी शेवटचं म्हणून खडकावर जाऊन बसले होते. मनगटावर लांब खपली धरली होती. थोड्या वेळानं म्हातारी आली. तिच्या मागे तिघं, जरा लांब. ती नेहमीच्या जागी हातभर अंतरावर बसली नाही. सरळ मांडीला लागून बसली. ज्यांच्याजवळ ती निजायची, ज्यांच्याकडून वेचून घ्यायची, ती सगळी गेली होती. तिनं माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, पालथा केला, आणि खपलीच्या कडेचं वाळलेलं रक्त नखानं हळूहळू काढायला लागली. काढायची, जिभेला लावायची, परत काढायची. हात लावायचा नाही हा नियम होता, पण मी हात काढून घेतला नाही. सगळी जखम स्वच्छ होईपर्यंत ती थांबली नाही. मग तिनं माझ्याकडे पाठ केली आणि तिच्या पाठीतले केस मी वेचावेत म्हणून वाट बघत बसून राहिली.

नोंदवही शबनममध्ये होती. मी ती काढली नाही, आणि तिच्या पाठीलाही हात लावला नाही. उठून गेले.

प्राध्यापक चष्मा डोळ्यांवर घेऊन माझ्याकडे बघत होते.

"त्यानंतरची निरीक्षणं नाहीत सर," मी म्हटलं. "मी दुसऱ्याच दिवशी गाव सोडलं."